पाइनचा भुसा

देवपूर, धुळे
९ जानेवारी २०२५

हितेंद्र,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नसशील, तर पुढे वाच. कामाचं आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघतोस आणि गप्प बसतोस. पण कारखान्याच्या पत्त्यावर आलेलं टपाल उघडल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मला पाइनचा भुसा हवा आहे. पॅलेटसाठी फळ्या कापताना आऱ्याखाली पडतो तो. कोरडा, आणि दुसऱ्या कुठल्याही लाकडाची भेसळ नसलेला. तुझा भुसा सध्या पांढरा कोळसा करणारे उचलतात, बॉयलरमध्ये जळून जातो. ते देतात तोच भाव मी देईन. भावाबहिणीचा हिशेब यात धरू नकोस.

आता कशाला हवा ते. लाकूड उभं राहतं ते लिग्निनमुळे. लाकडाच्या धाग्यांना धरून ठेवणारा डिंक समज. कागद कारखान्यात तो बहुतेक जाळूनच टाकतात. मी भुसा कॉस्टिक सोड्यात शिजवते, मग तो डिंक सुटून काळा काढा होतो. त्या काढ्यात निकेलच्या प्लेटा सोडायच्या आणि करंट द्यायचा. करंटने डिंकाचे तुकडे पडतात आणि त्यातल्या एका तुकड्याला व्हॅनिलाचा वास असतो. व्हॅनिलिनच ते! बाजारात मिळतं ते बहुतेक खनिज तेलापासून केलेलं. माझं लाकडाचं आणि उन्हाचं, कारण करंट छपरावरच्या सोलर पॅनेलमधून येतो.

सागाच्या भुशावर हे मी करून बघितलं. होतं, पण साग कठीण लाकूड, त्याच्या लिग्निनमधून दोन वास जोडीने निघतात आणि ते वेगळे करता करता जीव जातो. पाइनमधून जवळजवळ एकटं व्हॅनिलिन निघतं. धुळे-जळगावात पाइन रोज कापणारा भरवशाचा कारखाना तुमचा. म्हणून तुला लिहिलं. दुसरं कारण शोधत बसू नकोस.

कॉलेजातलं तासिका तत्त्वावरचं शिकवणं मी सोडलं. अवधानच्या एमआयडीसीत शेड घेतली आहे. जीवन तंत्रनिकेतनात विजेच्या वर्कशॉपला आहे, संध्याकाळी आणि सुट्टीला शेडमध्ये असतो. रसायन माझं, करंट त्याचा.

आपण शेवटचं बोललो ते माझ्या आणि जीवनच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. तू म्हणाला होतास, "अक्का, पोरगा चांगला आहे, पण बौद्ध आहे. नाना ऐकणार नाहीत." नाहीच ऐकलं. नऊ वर्षं झाली. तो विषय मी इथे उघडणार नाही, कारण माफी मागण्यासारखं मी काही केलं नव्हतं, आणि तुझ्याकडून मला ती नकोही आहे. भुसा हवा आहे.

आईच्या डोळ्यांची तपासणी बंद पाडू नकोस. धुळ्याचे डॉक्टर चांगले आहेत म्हणतात.

अक्का
(हेमांगी बैसाणे. बिलावर हेच नाव घालायचं.)


अवधान, धुळे
२० फेब्रुवारी २०२५

हितेंद्र,

तुझं उत्तर आलं नाही, टेम्पो आला. गोण्या उतरवताना मी चालकाला विचारलं, "कोणी पाठवलं?" तो म्हणाला, "मले काय ठावं ताई. अवधानले टाकून ये म्हने, टाकून चाललो." कोण म्हणे, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बिल मात्र पाठव. दोनदा माल आला, बिल एकदाही नाही. मी देणगीवर धंदा करत नाही.

भुसा पहिल्या प्रतीचा आहे. मुठीत दाबला तर चिकटत नाही, आणि गोणी उघडली की राळेचा तो ओळखीचा वास. आपण दोघं कारखान्यात भुशाच्या ढिगावर उड्या मारायचो आणि आई केस झाडता झाडता वैतागायची. असो.

पहिला लॉट उत्तम निघाला. काढा प्लेटांमध्ये फिरत असतो तेव्हा बघण्यासारखं काही नसतं, बारीक फेस आणि काळं पाणी. आम्ल टाकून गाळलं, अर्क काढला, आटवला आणि थंड व्हायला ठेवला. सकाळी काचेच्या तळाशी पांढऱ्या सुया धरल्या होत्या. गोणीमागे जेमतेम ओंजळभर. कमी वाटेल तुला, पण वासाच्या धंद्यात ओंजळ पुष्कळ झाली. उरलेला लाकडाचा लगदा अंड्यांचे ट्रे करणारा घेऊन जातो.

गिऱ्हाईक कोण ते तुला कळायला हवं, तुझाच माल आहे. जळगावला मेघा छाजेड म्हणून बाई आहेत, त्यांचा अगरबत्तीचा कारखाना. त्यांचा माल परदेशात जातो आणि तिकडचे लोक विचारतात, वास तेलाचा की झाडाचा? बाई धोरणी आहेत. म्हणाल्या, "एकदा चांगलं कुणीही करतं. मला लागोपाठ तीन लॉट एकसारखे द्या, मग वर्षाचं काम तुमचं." पहिले दोन त्यांच्या प्रयोगशाळेत पास झाले. तिसरा मार्चमध्ये द्यायचा आहे. हे काम मिळालं की शेडचं भाडं, दोन माणसांचे पगार, सगळं आपल्या पायावर. न मिळालं तर मला पुन्हा तासिकांवर जावं लागेल. ते मी जाणार नाही, तेव्हा काम मिळणारच.

व्यवहाराबाहेरचं एकच वाक्य, नको असलं तर सोडून दे. नानांचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो असं कळलं. कुठून कळलं ते विचारू नकोस.

अक्का


अवधान, धुळे
१८ मार्च २०२५

हितेंद्र,

तिसऱ्या लॉटची वाट लागली आहे.

काढा शिजतानाच मला शंका आली होती. फेस नेहमीपेक्षा जास्त होता आणि वास दवाखान्याच्या फरशीसारखा. मी स्वतःची समजूत घातली की सोडा बदललाय, त्याचा असेल. तसं नव्हतं. करंट दिल्यावर प्लेटांवर चिकट तपकिरी थर बसला, जीवनला तो पत्र्याने खरवडावा लागला. शेवटी निघालं ते व्हॅनिलिन नव्हे, सतरा वासांचा काला.

उरलेली गोणी मी पांढऱ्या कागदावर ओतून भिंगाखाली बघितली. पाइनच्या पिवळट भुशात लालसर बारीक भुकटी मिसळलेली आहे, तिच्या कणांना चकाकी आहे. ती प्लायवूडची. प्लायच्या थरांना लावतात तो गोंद आणि आतलं कठीण लाकूड, दोन्हींनी माझा काढा नासला. आणि ही भुकटी वरवर पडलेली नाही, गोणीच्या तळापर्यंत सारखी कालवली आहे. फावड्याने कालवल्याशिवाय असं होत नाही.

तुझ्याकडे प्लाय कापायचा आरा आहे, ठाऊक आहे मला. त्याचा भुसा पाइनच्या भुशापासून वेगळा काढतात, तेही ठाऊक आहे, कारण आधीच्या गोण्यांत एक कण नव्हता.

चुकून झालं असेल तर एका ओळीने कळव, मी विसरून जाईन. मुद्दाम झालं असेल तर मला माणूस बघायचा आहे. परवा सकाळच्या बसने जळगावला येते आहे. कारखान्यात येईन, घरी नाही.

अक्का


देवपूर, धुळे
२१ मार्च २०२५

हितेंद्र,

तू गांधीधामला लाकूड घ्यायला गेला होतास, हे मला गेटवर कळलं. म्हणजे माझं मागचं पत्र टेबलावर तसंच पडलं असणार. तू परत येशील तेव्हा तुझ्या कानावर नाना एक घालतील आणि कामगार दुसरं. म्हणून काय झालं ते माझ्याकडून ऐक.

वॉचमनने मला ओळखलं नाही. "कोनाकडे?" म्हणाला. मी म्हटलं, "लोटन चौधरींकडे. त्यांची मुलगी आली आहे म्हणून सांगा." तो आत गेला आणि आरा थांबला. खरंच थांबला, हितेंद्र. ते कान बधिर करणारं घर्र बंद झालं आणि सगळे कामगार माझ्याकडे बघायला लागले.

नाना ऑफिसच्या दारात उभे. केस पार पांढरे झालेत त्यांचे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कोनाले विचारून आली?"

"गिऱ्हाईक म्हणून आले, नाना. माझ्या मालात प्लायचा भुसा आला. कुणी टाकला ते विचारायला."

मला वाटलं होतं ते कानावर हात ठेवतील, कुणा कामगारावर ढकलतील. तसं केलं नाही त्यांनी. म्हणाले, "म्या टाकाले लावला."

टेम्पोवाल्याच्या तोंडून त्यांना कळलं होतं गोण्या कुठे जातात ते. तुझ्याशी ते बोलले नाहीत. तू गांधीधामला निघालास त्याच दुपारी त्यांनी दोन माणसं लावून भुसा कालवून घेतला.

"मह्या कारखान्याचा माल त्या घरात नाही जानार," म्हणाले.

मी म्हटलं, "जात नाहीच. शेडमध्ये जातो."

"एकच झालं."

"एक नाही नाना. घरात तुम्ही नऊ वर्षांत आला नाहीत, मी बोलावलं नाही, तो तुमचा माझा प्रश्न. हा धंदा आहे. तुम्ही तीस वर्षं लाकूड विकता. कुणा गिऱ्हाइकाला साग सांगून बाभूळ दिली का कधी? मग मलाच का दिली?"

त्यांच्या गालाची शीर उडत होती. तुला आठवत असेल, ते चिडले की ओरडतात आणि वरमले की शीर उडते. पण वरमले म्हणून माघार घेतील, तर ते नाना कसले! आत गेले आणि दार लावून घेतलं. आरा पुन्हा सुरू झाला.

मी रडले नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण कामगार तुला सांगतील की ताई रडत गेल्या. डोळ्यांत भुसा गेला होता. बरं, थोडी रडले. पण गेटच्या बाहेर.

तिथे तुझी बायको मागून धावत आली. मोनालीला मी पहिल्यांदा बघितलं. तुमच्या लग्नाचे फोटोसुद्धा मी दुसऱ्यांच्या मोबाइलवर पाहिलेत. तिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि एका दमात म्हणाली, "ताई, मी ऑफिसात होते, सगळं ऐकलं. ह्यांना यातलं काही माहीत नाही. तुमचा नंबर ह्यांच्या मोबाइलमध्ये आहे, 'पाइन पार्टी' नावाने. नानांनी बघितला तरी कळू नये म्हणून." मला रडता रडता हसू आलं. पाइन पार्टी! नऊ वर्षांनी भावाने बहिणीला काय पदवी दिली!

बसमध्ये बसेपर्यंत माझं ठरलं होतं. मेघाबाईंना मी फोन करून सांगितलं की तिसरा लॉट बिघडला, कच्चा माल भेसळीचा निघाला, दुसरा करून देते. त्या म्हणाल्या, "तारीख पुढे जाणार नाही." मी म्हटलं, "मागितलीच नाही."

धुळ्यात मशिनरीच्या शोरूमवाल्यांकडे परदेशी खोक्यांखालची पाइनची तुटकी पॅलेट पडलेली असतात. जीवन आणि मी आज दिवसभर भंगारवाल्यांच्या दारात होतो. प्रत्येक फळीवर भट्टीत तापवल्याचा शिक्का आहे का ते बघायचं, औषधाची धुरी दिलेली फळी बाजूला टाकायची, खिळे उपटायचे. उद्या हे सगळं घेऊन पिंपळनेरला जाते. तिथले गुलाबभाऊ सागाची आरागिरणी चालवतात, पहिले प्रयोग मी त्यांच्याच भुशावर केले. फोनवर म्हणाले, "ताई, मना आरा जुना शे, पन पाइन मऊ शे. बठ्ठं कापी देसू. पहिलं आरा धुई काढसू, सागना कन नको ना तुले?" आधी आरा धुवायचा, सागाचा कण नको, हे त्यांना मी सांगितलंही नव्हतं.

तेव्हा काळजी करू नकोस. तुझा भुसा आला तर चांगलंच, नाही आला तरी माझं अडत नाही. तुला हे कळावं म्हणून लिहिलं. राग नानांवर आहे, तुझ्यावर नाही.

अक्का


देवपूर, धुळे
९ एप्रिल २०२५

हितेंद्र,

काल तुझा फोन आला. नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू एवढंच विचारलंस, "आई आहे का तिथं?" मी "आहे" म्हटलं, तू "बरं" म्हणालास आणि ठेवलास. तुझ्या मागे नाना उभे असणार. म्हणून आता सविस्तर लिहिते, आणि या खेपेला घरच्या पत्त्यावर, मोनालीच्या नावाने. लपवायचं आता काही उरलेलं नाही.

आधी कामाचं. तिसरा लॉट तारखेला पोचला आणि पास झाला. मेघाबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "हा तर पहिल्या दोघांपेक्षा स्वच्छ आहे." वर्षाचा करार झाला. सही करताना मी जीवनलाही करायला लावली. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, करंट तुझा आहे ना? मग कर.

आता आई. परवा दुपारी शेडच्या दारात रिक्षा थांबली आणि आई उतरली, हातात कापडी पिशवी. तिला एवढ्या मोठ्या पिशवीसकट मी कधी बघितलं नव्हतं. एरवी ती लहान पर्स घेऊन येते.

हो, एरवी. आईच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही, हितेंद्र. तिला तुझ्यापेक्षा स्पष्ट दिसतं. भूमिका जन्मली त्या वर्षापासून ती डोळे तपासायच्या निमित्ताने धुळ्याला येते, दुपारभर नातीशी खेळते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते. औषधाचे थेंब म्हणून घरी नेते ते साधं गुलाबपाणी असतं. कारखान्याच्या पत्त्यावरच्या पत्रात मला हे लिहिता येत नव्हतं. नानांचा गुडघा मला कुठून कळला, ते आता समजलं असेल.

या वेळी ती परत जायला आलेली नाही. मोनालीने तिला भुशाचं सांगितलं. तिने रात्रीच्या जेवणावर नानांना विचारलं, "तुमी पोरीच्या मालात घान टाकली का?" नाना म्हणाले, टाकली. तिने ताट पुढे सरकवलं, सकाळी पिशवी भरली आणि बस पकडली.

मी म्हटलं, "आई, अशी घर सोडून कशी आलीस? लोक काय म्हणतील?" हे मी म्हटलं, मी! तिने माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली. म्हणाली, "मी घर सोडून नाही आली. मी लेकीकडे आली. लेकीकडे जाले काय पाप लागते? इतकी वर्स चोरासारखी आली, आता उजागर आली. त्याहीले मी पाहिजे असंन तर त्याहीनं यावं."

माझ्या सासूबाई नर्मदाबाई आणि ती, दोघींची जोडी बघण्यासारखी आहे. एक पुरणाला जायफळ घालते, दुसरीला वेलदोडाच लागतो, त्यावरून दोन सकाळी गेल्या. मग आई डबा घेऊन माझ्याबरोबर शेडमध्ये. मी नको म्हटलं तर म्हणाली, "बसून खाऊ काय?" भुसा चाळायचं काम तिने अंगावर घेतलंय. तोंडाला फडकं बांधून ती चाळणी फिरवत बसते, आणि खिळ्याचा तुकडा सापडला की मला असा दाखवते, जणू तो मीच तिथे टाकला.

काल पहिल्यांदाच तिने स्फटिक बघितले. मी चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवले. तिने वास घेतला. मग म्हणाली, "लाकडातून?" मी म्हटलं, लाकडातून. "तुह्या बापाच्या लाकडातून?" मी म्हटलं, पहिले दोन लॉट बापाच्याच लाकडातून. ती म्हणाली, "मंग त्याहीले दाखवाले पाहिजे होतं."

मला ते कधी सुचलंच नव्हतं. मी सगळं करून दाखवायचं ठरवलं होतं, पण नानांना नव्हे, नानांच्या नाकावर टिच्चून.

तू चिंता करू नकोस. आई ठणठणीत आहे. मोनालीला सांग, आईने तिला कैऱ्यांचं लोणचं घालून ठेवायला सांगितलंय, मीठ कमी करू नकोस म्हणते.

अक्का


देवपूर, धुळे
२१ एप्रिल २०२५

हितेंद्र,

नाना तुला काही सांगणार नाहीत आणि आई चार दिवस आपल्या चवीने सांगेल. फोनवर तू "हं, हं" करतोस, त्यात मला गोष्ट सांगता येत नाही. म्हणून लिहूनच टाकते.

काल रविवार. मोनालीने सकाळी कळवलं होतं की तू गाडी काढत होतास, पण नाना एसटीनेच निघाले, एकटे. अकराच्या सुमारास ते शेडच्या फाटकात उभे. उन्हाने चेहरा लाल, डोक्यावर रुमाल. मी धावले नाही.

आई चाळणी घेऊन बसली होती. त्यांना बघून ती उठली नाही.

"चाल," नाना म्हणाले.

"हे बाकी आहे," आई म्हणाली. "आजच्या आज चाळून द्याचं आहे."

"मंग मी काय करू?"

"बसा."

ते बसले, हितेंद्र. भुशाच्या गोणीवर, गुडघा धरून. तो भुसा तुझाच होता. तू परत पाठवायला लागलास तेव्हापासून पुन्हा तोच वापरते. नानांनी गोणीतून मूठभर काढला, बोटांनी चोळला, वास घेतला. बराच वेळ चोळत राहिले. मला वाटतं ते त्यात प्लाय शोधत होते.

मग मी स्फटिकांची बाटली नेऊन त्यांच्या पुढे धरली. आईने सांगितलं नसतं तर मी ते केलं नसतं, हे कबूल करते. म्हटलं, "नाना, हे त्यातनं निघतं."

त्यांनी झाकण काढलं. एवढंच विचारलं, "जाळावं नाही लागत?"

"नाही. नुसता करंट."

"आन बाकीचं लाकूड?"

"ट्रेवाला नेतो. काही जळत नाही."

त्यांनी झाकण लावून बाटली परत दिली. "तीस वर्स जाळला," म्हणाले. माझ्याशी नव्हे, गोणीशी बोलल्यासारखं.

दुपारी नर्मदाबाईंनी भूमिकाबरोबर डबा पाठवला. शेवभाजी, भाकरी, कांदा. आईने पाच ताटल्या मांडल्या आणि कुणाला न विचारता एक नानांच्या पुढे ठेवली. त्यांनी ताटलीकडे बघितलं. मी मुद्दाम पलीकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की ते न जेवता उठले तर मी काहीतरी बोलून बसेन, आणि मग पुन्हा नऊ वर्षं.

"कोनं केली?"

"माझ्या आजीने," भूमिका म्हणाली. "तिखट आहे. मी पाण्यात धुऊन खाते."

नानांनी भाकरी मोडली. सगळी खाल्ली. रस्सा पुन्हा मागितला. आई वाढताना एकदाच हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. तिखटाचा ठसका लागला असं दाखवत होती.

जेवणानंतर ते शेडभर हिंडले. तुला ठाऊक आहे त्यांची रीत, कुठलंही मशीन बघितलं की पाठीमागे जाऊन तारा बघायच्या. जीवन प्लेटांच्या सेलपाशी काढ्याचा पंप बदलत होता. नाना त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. या माणसाशी ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत. लग्नाआधी तो दारात आला होता तेव्हा नाना आतूनच "नाही" म्हणाले होते, तेही मला उद्देशून. जीवन उठून उभा राहिला. हात काळे होते, म्हणून नमस्कारही धड करता येईना.

माझ्याकडे न बघता नाना त्याला म्हणाले, "प्लायचा आरा मी मागल्या शेडात हलवून राह्यलो. पाइनमध्ये आता काही येनार नाही."

"बरं होईल," जीवन म्हणाला.

हे तुला नानांनी सांगितलेलं नसणार, म्हणून मी सांगते आहे. आरा हलव. त्यांनी शब्द दिलाय.

नाना निघायला वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. प्लेटांना जोडलेल्या जाड केबलींकडे बोट दाखवलं.

"हिले शॉक तं नाही लागत?"

जीवनला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, 'ही' म्हणजे मी. म्हणाला, "नाही नाना. व्होल्टेज अगदी कमी असतं. काढा मात्र उकळता असतो, त्याला जपावं लागतं."

"मंग जपत जाय," नाना म्हणाले.

"जपतो."

चारच्या बसने आईला घेऊन ते गेले.

अक्का